आधी रंग, मग जोड

चिखलीच्या धान्यबाजारामागे कचरू मिस्तरीचं वेल्डिंगचं दुकान होतं. भुसावळला रेल्वेत शिकून आलेला माणूस. त्यानं जोडलेली टाकी गळाली, असं तालुक्यात अजून कुणी म्हटलं नव्हतं आणि कचरूची सगळी ऐट तेवढ्यावर उभी होती. धाड गावच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं सरकारी काम आलं, तेव्हा तो हरखला. मग ओव्हरसियर शंकरराव आले.

शंकररावांचा लोखंडापेक्षा फायलीवर विश्वास. फायलीत लिहिलं होतं: ‘जोडण्यापूर्वी सर्व भाग रंगवावेत.’ त्यांनी सगळे पत्रे कडांसकट तांबड्या रंगात न्हाऊ घालायला लावले. त्यांची पाठ वळताच कचरूनं काही कडा दोन-दोन बोटं खरवडल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांना ते दिसलंच.

“सरकारी रंग खरवडता, मिस्तरी?”

“साहेब, हा नियम नटबोल्टाचा हाय. तिथं जोडणं म्हंजे आवळणं. इथं लोखंड वितळते. रंग जळते, धूर आतच अडकते, जोडाची चाळणी होते. कडा कोऱ्या ठेवू, जोडू, मंग घासून रंगवू. आतून सिमेंटचा हात देऊ. लोकाले पाणी प्याचं हाय.”

“फायलीत नटबोल्ट हा शब्द आहे?”

“नाई.”

“मग संपलं. पुन्हा रंगवा.”

कचरूनं एक कड रंगवली, वाळवली आणि साहेबांसमोरच जोडली. शंकररावांनी नाकाला रुमाल लावला, पण जागा सोडली नाही. तपासणी ती तपासणी. जोडावर देवी आल्यासारखे फोड उठले. कचरूनं एका बाजूला चुना फासला, दुसरीकडून रॉकेल लावलं. थोड्या वेळानं चुन्यावर रॉकेलचे ओले डाग उमटले; जोड आरपार पाझरत होता.

शंकरराव वाकून पाहत राहिले. “रंगाचा एकच हात दिलात. दोन द्यायला हवे होते.”

“देतो साहेब. पण टाकीवर मिस्तरी म्हणून तुमचं नाव टाकतो. गळली तं धाडचे लोक तुम्हाले विचारतीन.”

धाडच्या बाजाराच्या दिवसाची गर्दी शंकररावांना आठवली असावी. त्यांनी पेन काढलं आणि फायलीत ‘सर्व भाग’च्या पुढे, बारीक अक्षरात, ‘कडा वगळून’ असं घुसडलं.

“हे बघा. नियम पहिल्यापासून असाच आहे. तुम्ही लोक वाचत नाही.”

“हाव साहेब,” म्हणत कचरूनं तारेचा ब्रश उचलला आणि शाई वाळायच्या आत पुढची कड खरवडून मोकळी केली.