घराच्या जमिनीखाली

नव्वदच्या दशकात मी पुण्यात शिकत होते. विद्यापीठात तेव्हा फुकट व्याख्यानं व्हायची, कुणीही येऊन बसावं. एकदा विषय होता आमच्या इनामगावचा, तिथल्या उत्खननाचा. आई डोळे तपासायला माझ्याकडे आली होती. तिला म्हटलं, "चल, आपल्या गावाबद्दल सांगणार आहेत."

ती मागच्या रांगेत पदर सावरून बसली. व्याख्यान देणाऱ्या बाई पडद्यावर चित्रं दाखवत होत्या. हजारो वर्षांपूर्वी तिथं तान्हं मूल गेलं, की त्याला दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडं जुळवून घराच्या जमिनीखालीच पुरायचे, असं त्या म्हणाल्या.

"घरातच?" आईनं मला विचारलं. "आईच्या जवळ?"

"हो."

माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता आणि तो बारशाआधीच गेला, एवढंच मला माहीत होतं. ती हळूच म्हणाली, "माझं लेकरू आप्पांनी फडक्यात गुंडाळून नदीकडं नेलं. मला उंबऱ्याभाईर जाऊ दिलं न्हाई. कुठं पुरलं, ते कुनी सांगितलंच न्हाई."

आप्पा म्हणजे माझे आजोबा. ते कधीच वारले होते. आता विचारायचं तरी कुणाला?

व्याख्यान संपलं, दिवे लागले, लोक पांगले. पडदा कोरा झाला तरी आई त्याच्याकडेच बघत होती. मी तिचा हात धरून बसले. शिपाई दार लावायला आला, तेव्हा ती त्याला म्हणाली, "जरा थांबता का, दादा?"

तो बाहेर जाऊन उभा राहिला.