बेस्साची भाषा

माझ्या तान्ह्या भावाला, ऑलसला, दूध पाजायला बाबांनी बेस्साला विकत आणलं. ती थ्रेसच्या डोंगरातली. लढाईत धरली गेली, आणि रोमला येता येता वाटेतच तिचं तान्हं गेलं. हे मला आईने पुढे सांगितलं. बेस्सा स्वतः कधी बोलली नाही.

पाळणा राखणारी कुनिना, पोराला पायांवर उभं करणारा स्तातानुस, सगळ्या देवांना आई वेळच्या वेळी दूध वाहत होती. ऑलस चालायलाही लागला. फक्त बोलतं करणारा फाबुलिनुस काही आमच्याकडे फिरकेना. बरोबरीची पोरं भांडायला लागली, हा आपला गप्प. बाबांचा कपडे धुण्याचा कारखाना खालीच होता. तिथले गडी विचारायचे, "धाकटे मालक काय म्हणतात?" बाबा तोंड फिरवत.

एका दुपारी मी माडीवर गेले. बेस्सा त्याला मांडीवर घेऊन तिच्या भाषेत हळूच गात होती. बाबांनी त्या भाषेला घरात बंदी केली होती, म्हणून मी दारातच थांबले. ऑलसने तिची हनुवटी धरली आणि एक शब्द म्हणाला. अगदी स्पष्ट.

बेस्साचं गाणं तुटलं.

"काय म्हणाला गं?"

"पाणी मागतोय," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

"ऑलस बोलला!" या माझ्या ओरडण्याने सगळे धावत वर आले. बाबा भडकले. "आपल्या भाषेत चकार शब्द नाही, आणि ही रानटी बडबड!"

"आधी त्याला पाणी द्या," आई म्हणाली. "मग फाबुलिनुसला नैवेद्य दाखवू."

"असल्या बोलण्यासाठी नैवेद्य?"

"देवाने बोलतं केलं ना? कुठल्या भाषेत, ते तुम्हीच विचारा त्याला."

गडी फिदीफिदी हसले. बाबा तरातरा खाली गेले; पण संध्याकाळी मधाची पोळी त्यांनीच आणली. आईने ती बेस्साच्या हातात दिली. "तू ठेव देवापुढे. तुझ्यापाशी बोलला तो."

पुढे ऑलस दोन्ही भाषा बोलायचा, आणि आपल्या भाषेत तर इतका की बाबा कान झाकून घ्यायचे.

म्हातारपणी तापात बेस्सा आमची भाषा पार विसरली. आम्ही नुसते तिच्या तोंडाकडे बघत राहायचो. ऑलस मात्र कारखाना सोडून तिच्या उशाशी बसे.

"खिडकी उघड म्हणतेय," तो मला सांगायचा, आणि मग वाकून तिला तिच्याच भाषेत कायकाय सांगत बसायचा. ती हसायची.