आतल्या खोलीतला स्पीकर

आमच्या दादाला मी तोंडावर भंगारवाला म्हणते. लिफ्टचा मेकॅनिक तो. अडकलेली माणसं सोडवून घरी येतो तो खिशात दोन स्क्रू आणि एखादी स्प्रिंग घेऊनच. फेकायचं म्हणून काही नाही. कपाटाखालचे डबे उघडले तर आणखी एक लिफ्ट उभी राहील!

संध्याकाळी मात्र हाच माणूस गिटारवाला. लग्नं, हॉटेलं, क्लबातले नाच, सगळीकडे याने लोकांना नाचवलं आणि वहिनी घरी ताट झाकून बसली. "मला कधी ऐकवणार?" ती विचारायची. "ऐकवीन की, मी काय पळून चाललोय?" हा म्हणायचा. तो नव्हताच चालला पळून. निघाली ती.

आजारपणात वहिनी मागच्या खोलीत खाटेला खिळली. आवाजही गेला. मग चमच्याने खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवायची. एकदा म्हणजे इकडे या, दोनदा म्हणजे पुन्हा. मी गोष्ट वाचून दाखवायचे आणि एखादं पान आवडलं की टक-टक. एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही, पण तिच्यासाठी मुकाट्याने पान उलटायचे.

एक दिवस तिने चमचा दादाच्या बोटांकडे दाखवला आणि हवेतच तारा छेडल्या. दादाला ते समजलं. मला तर त्याचं तोंड बघवेना.

आता अडचण अशी, की त्याचा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे लाकडी पेटीतलं धूड, आतच स्पीकर जोडलेला. मागच्या खोलीत खाट आणि ऑक्सिजनचा सिलिंडर, उरलेल्या जागेत मी. पेटी शिरेना. पुढच्या खोलीतून वाजवलं तर मधल्या भिंती सूर गिळायच्या आणि वहिनीपर्यंत नुसती धडधड पोहोचायची. शेवटी दादा म्हणाला, "पेटी राहू दे. मागून तार काढतो आणि एक छोटा स्पीकर तिच्या उशाशी ठेवतो."

मी टॉर्च धरला. त्याने पेटीच्या मागच्या फळीला भोक पाडलं, त्यात पिन खुपसायचा जॅक बसवला, आतल्या स्पीकरच्या तारा त्याला डाग देऊन जोडल्या. जॅक अर्थातच डब्यातला, एका मेलेल्या टेपरेकॉर्डरमधून काढलेला. "नवीन आण की रे," मी म्हटलं. "हा काय वाईट आहे?" स्वयंपाकघरातून लांबलचक वायर वहिनीच्या उशाच्या छोट्या स्पीकरपर्यंत गेली. पिन खुपसली. दादाने तार छेडली.

पेटी ढिम्म. नुसत्या तारांची किणकिण.

"झालं! होतं तेही घालवलंस," मी म्हटलं. समोरच्या पत्र्याच्या दुकानात ठोकाठोकी चालली होती, मागच्या खोलीचं दार लावलेलं. दादाने बटणं पिरगाळली, पेटीला शिव्या घातल्या आणि मग सगळं बिघडलंच आहे म्हणून उगाच वाजवत बसला. मान खाली, डोळे मिटलेले. लग्न ठरलं तेव्हा त्याने स्वतः बांधलेली एक चाल होती. क्लबात कधी वाजवली नाही, लाजायचा. तीच धरली.

मी औषध द्यायला मागे गेले. दार उघडलं आणि दारातच थबकले. अगं बाई! खोली सुरांनी भरून गेलेली. मी दादाला हाक मारणार, तोच वहिनीने बोट ओठांवर ठेवलं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि चेहरा नव्या नवरीचा. त्याला थांबू द्यायचं नव्हतं तिला. मी दार ओढून घेतलं आणि तिच्या पायाशी बसले.

कारण साधंच होतं. तो जॅक इयरफोनचा. पिन आत गेली की पेटीतला स्पीकर गप्प, सगळा आवाज बाहेरच्या वायरीत. दादाला कळल्यावर त्याने कपाळावर हात मारला, डाग द्यायची सळई काढली. "पाच मिनिटांचं काम, दोन्ही वाजतील." तर वहिनीने मान हलवली. नाही. राहू दे. आयुष्यभर तो सगळ्यांसाठी वाजवत आला होता. हे फक्त तिच्या खोलीत वाजत होतं. मग शेवटपर्यंत असंच चाललं. हा पुढे बसून मुक्या तारा छेडायचा, चाल संपली की कान मागे लावायचा. टक-टक आलं की पुन्हा.

वहिनी गेली. दादाने पिन काढली नाही. रोज संध्याकाळी वाजवतो, मागे रिकाम्या खाटेला ऐकू जातं. मला त्याचा राग येतो आणि मग रडू येतं.

परवा वाजवता वाजवता थांबला. "कसं वाजायचं गं आत? मी कधी ऐकलंच नाही."

मी गिटार त्याच्या हातातून काढून घेतली. "जा. बस तिथं."

"तुला कुठं येतं?"

"जा म्हणते ना!"

तो मागे गेला, दार लागलं. मी त्या चालीचे पहिले चार सूर अडखळत छेडले, तेही चुकले. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले. पत्र्याचं दुकान बंद झालं होतं, घरात काही म्हणजे काही आवाज नव्हता.

आणि मागून, खाटेच्या दांडीवर चमचा वाजला. टक-टक.