गार्लंडचं डाव्या बाजूचं वजन

ब्रशी फोर्कच्या रेस ट्रॅकवरचे लोक शेरीफला फारसे घाबरत नसत, पाद्र्याला तर मुळीच नाही. पण ट्रेवा सेट्झर हातात मोजायची टेप घेऊन तपासणीच्या शेडच्या दारात उभी राहिली की भलेभले ड्रायव्हर शर्ट नीट खोचायला लागत.

त्याआधी सव्वीस वर्षं ती मोज्यांच्या गिरणीत तपासनीस होती. सुटलेला टाका तिच्या बोटांना आधी कळायचा, डोळ्यांना नंतर. गिरणी बंद पडली त्या वर्षी ट्रॅकचा मालक तिच्या घरी आला आणि तिकडच्या रीतीने आदराने 'मिस' लावून म्हणाला, "मिस ट्रेवा, ही सगळी लबाड माणसं आहेत. तपासणीला तुमच्यासारखं कुणीतरी हवं."

"लबाड आहेत हे मला सांगताय? त्यातल्या एकाशी माझं लग्न झालंय."

नात्यातल्या माणसाची गाडी तपासायची नाही, असा नियम करायचं एकदा घाटत होतं. पण शोधायला गेलं तर बिननात्याचा एकटा पाद्रीच निघाला, आणि त्याचाही भाचा गाडी पळवायचा. तेव्हा नियम राहिला बाजूला. गेल्या वर्षी एकाने किमान वजन भरावं म्हणून शिसं भरलेलं हेल्मेट काट्यावर आणलं होतं. ट्रेवाने त्याला दोन शनिवार घरी बसवलं, वर मानेला शेक घ्यायला सांगितलं.

नवऱ्याच्या बाबतीत मात्र तिच्यावर कधी वेळ आली नव्हती. शर्यत संपल्यावर पहिल्या तीनच गाड्या काट्यावर चढायच्या, आणि गार्लंड सेट्झर बावीस वर्षांत चौथ्याच्या पुढे गेला नव्हता. त्यामुळे संसार सुखाचा होता.

ऑक्टोबरमधल्या शेवटच्या शनिवारी, भर दुपारी, दोन फेऱ्या उरलेल्या असताना पुढच्या दोन गाड्या एकमेकींत अडकल्या आणि गार्लंड त्यांच्या बाजूने निघून गेला. बावीस वर्षांनी पहिला आला. बायका रडल्या. ट्रेवाचा धाकटा भाऊ एमरी, जो गार्लंडची गाडी तयार करायचा, तो कुंपणावर चढला आणि त्याला उतरवायला दोघे लागले. ट्रेवाही टाळ्या वाजवत होती. मग शेडमध्ये जाऊन तिने चार चाकांखालचे चार काटे पुसून ठेवले.

ट्रॅकवर सगळी वळणं डावीकडेच. गाडीचा भार डावीकडे जितका जास्त तितकी ती वळणाला चिकटून पळते. म्हणून नियम असा की ड्रायव्हरसकट वजन करायचं आणि त्यातलं शंभरात अठ्ठावन्नच्या वर डावीकडे नको. ड्रायव्हरची सीटही डावीकडेच.

काट्यावर आकडा आला अठ्ठावन्न पूर्णांक तीन.

"परत कर," एमरी म्हणाला.

तिने गाडी उतरवून पुन्हा चढवली. तोच आकडा. तेवढ्यात तिचं लक्ष आत गेलं. गार्लंड श्वास रोखून, कुणाशी बोलत असल्यासारखा उजवीकडे झुकला होता.

"सरळ बस, गार्लंड."

"सरळच बसलोय."

"बोलू नकोस, श्वास सोड."

त्याने श्वास सोडला. आकडा अठ्ठावन्न पूर्णांक चार झाला.

दुसऱ्या आलेल्या लॉनी हफमनने तोंडावर टोपी धरली, पण त्याचे खांदे हलत होते.

ट्रेवा भावाकडे वळली. "घरी वजन केलंस तेव्हा सीटवर कोण बसलं होतं?"

"कोणी नाही. दाजी जेवत होते. मी त्यांच्या वजनाइतकी कोंबड्यांच्या खाद्याची पोती ठेवली. एकशे नव्वद पाउंड."

"एकशे नव्वद कुणी सांगितलं?"

एमरीने दाजींकडे पाहिलं. दाजींनी स्टिअरिंगकडे पाहिलं.

"हे वजन," ट्रेवा शांतपणे म्हणाली, "आपल्या लग्नाच्या सुटाच्या वेळचं आहे."

"तुझ्याच हातचं खातो मी," गार्लंड हळूच म्हणाला. "रस्सा काय शेजारणीचा असतो?"

ते खरं होतं, आणि तिला लागलंही. रोज सकाळी पावासारख्या मऊ, गरम बिस्किटांवर दाट रस्सा, वर "अजून एक घे" हे तिचंच. चार दशांशांकडे कानाडोळा केला असता तर ट्रॅकवर कुणीही हरकत घेतली नसती. लॉनीनेसुद्धा. तो म्हणालाच, "मिस ट्रेवा, जाऊ द्या ना. बावीस वर्षं झाली हो त्याला."

चार दशांश आहेत की एक, हा प्रश्न तिला पडला नाही. तिला आठवली ती शिसं भरलेल्या हेल्मेटवाल्याची बायको, जी तेव्हापासून चर्चमध्ये तिच्या बाकावर बसत नव्हती. आज नवऱ्याला सोडलं तर ती बाई कायमची बरोबर ठरली असती. ट्रेवाने कागदावर आकडा लिहिला. पहिला नंबर रद्द, जागा शेवटची. कारण मात्र तिने 'डावीकडे जादा वजन' एवढंच लिहिलं, 'कुणाचं' ते लिहिलं नाही. ते लिहायची गरजही नव्हती. चषक लॉनीकडे गेला तोवर कुंपणापलीकडची पोरंसोरं गार्लंडला खाद्याचा भाव विचारत होती.

घरी जाताना गार्लंड चकार शब्द बोलला नाही. रविवारी नाही, सोमवारीही नाही. ट्रेवाने रस्सा केला, त्याने खाल्ला. वाद नसल्याचा एवढाच पुरावा होता.

बुधवारी एमरी गॅरेजमध्ये पुढच्या हंगामासाठी गाडी काट्यावर चढवत होता. ट्रेवा घराच्या खिडकीतून बघत होती. एमरीने सवयीने पोत्याला हात घातला, तेवढ्यात गार्लंड बाहेर गेला, कण्हत कण्हत गाडीच्या खिडकीतून सीटवर शिरला आणि ओरडला, "वाच! माझ्यामुळे किती वाढलं ते मोठ्यानं वाच, तिला ऐकू जाऊ दे."

"दोनशे सव्वीस, दाजी."

"ऐकलंस का गं?"

"सगळ्या आळीनं ऐकलं," ट्रेवा आतून म्हणाली.

"मग लाव चाळीस पाउंड शिसं उजवीकडे," गार्लंडने मेव्हण्याला सांगितलं, "आणि नीट घट्ट कर. आमच्याकडे तपासणी फार कडक असते."