सुतळीच्या गाठी

बोरी अरबच्या बाजारातला हा खाटीक काही विचारलं की आधी सुरी दोन्ही बाजूंनी पुसतो, मग बोलतो. माझा जीव वर-खाली होतो. मी पडलो प्राध्यापक. प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारा.

दर शुक्रवारी मी त्याच्याकडून सुतळीनं बांधलेल्या पुडीत बकऱ्याचं जठर नेतो. जठराच्या पेशींना पाण्याची सूक्ष्म दारं असतात. ती कधी पेशीच्या कडेला राहतात आणि कधी आत ओढली जातात, हे माझं संशोधन. वर्षभर गोंधळ चालला होता. एका आठवड्यात दारं कडेला, पुढच्या आठवड्यात आत. मी रंगाला दोष दिला, सूक्ष्मदर्शकाला दिला, लोडशेडिंगलाही दिला. शेवटी यालाच झापलं, "दर वेळी वेगळाच माल कसा देता हो?"

त्यानं सावकाश सुरी पुसली.

"सर, पयल्या दिवशी तुमीच तं म्हनलं, जनावर उपाशी होतं का चरलेलं, ते सांगत जा. चिठ्ठी रगतानं भिजते, म्हनून सुतळीले गाठी मारून राह्यलो. उपाशी असलं तं एक, चरलेलं असलं तं दोन."

ती सुतळी मी दर शुक्रवारी कात्रीनं कापून फेकत आलो होतो. गाठी सोडत बसायला माझ्यासारख्या विद्वानाला वेळ कुठे असतो?