बोर्डावरचा अंगठा

माझी सात वर्षं एका नखाएवढ्या सर्किटवर गेली, आणि त्यातले शेवटचे पाच महिने मला माझ्याच अंगठ्यानं फसवलं. आता हे हसत सांगता येतं.

मोबाइलमध्ये अँटेनाच्या पाठोपाठ एक छोटा ॲम्प्लिफायर असतो. टॉवरवरून निघालेला सिग्नल भिंती, झाडं ओलांडत मळमड्डी भागातल्या आमच्या माडीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो, की त्याचा आकडा पहिल्यांदा वहीत मांडताना दशांशचिन्हापुढची शून्यं मोजण्यात मी दोनदा चुकले. मग पेन खाली ठेवून नुसती बसून राहिले. एवढ्याशातून माणसाचा आवाज, त्याच्या खोकल्यासकट, पलीकडे उमटतो! ते नवल अजून ओसरलेलं नाही.

हा सिग्नल वाढवायचा, पण बॅटरी कमीत कमी खाऊन, एवढंच माझ्या पीएचडीचं काम. अडचण अशी, की करंट कमी केला की ॲम्प्लिफायरचं तोंड अँटेनाशी जुळेनासं होतं आणि आलेला सिग्नल दारातूनच परत फिरतो. आमच्याकडे नळाला आठवड्यानं पाणी यायचं, तेव्हा मोटरच्या जाड पाइपाला बारीक पाइप जोडायला मध्ये रिड्यूसर लागायचा. नाहीतर निम्मं पाणी अंगावर. मला तसाच रिड्यूसर करायचा होता, फक्त राजगिऱ्याएवढ्या कॉइल आणि कपॅसिटरांचा.

घरी अप्पा, म्हणजे माझे वडील, गणिताचे निवृत्त शिक्षक. ते फोन दोन बोटांच्या चिमटीत धरत, तापलेली वाटी धरावी तसा.

"अप्पा, नीट धरा की हो. पडेल."

"अगं, असं धरलं की आवाज बरा येतो बघ."

"असं काही नसतं अप्पा," मी ठसक्यात सांगायची. सात वर्षं शिकलेली बाई ना मी.

विद्यापीठानं दिलेली शेवटची मुदतवाढ ज्या दिवशी संपणार होती, त्याच दिवशी सकाळी मी सरांसमोर, म्हणजे माझ्या गाइडसमोर, सर्किट मांडलं. संध्याकाळी पाचच्या आत माझ्या कागदांवर त्यांची सही झाली नाही तर नोंदणी रद्द. पडद्यावर रेषा जिथे खोल खाली जाते, तिथे सिग्नल परत न फिरता आत शिरतो. माझी रेषा हवी तिथेच, विहिरीसारखी खोल गेली होती. जाड केबलमुळे बोर्ड उचलला जायचा, म्हणून नेहमीप्रमाणे तो मी डाव्या अंगठ्यानं दाबून धरला होता.

"छान. आता करंट दाखव," सर म्हणाले.

मीटर वळवायला मी हात उचलला आणि विहीर उजवीकडे सरकली. घाबरून अंगठा परत टेकवला, तशी ती जागेवर आली.

"कै तेगी," हात काढ, सर कानडीत म्हणाले. मी हात काढला. विहीर गेली.

"इडु." हात ठेवला. विहीर आली.

मग सरांनी स्वतःचं बोट टेकवून पाहिलं. रेषा भलतीकडेच गेली. "माझं चालत नाही गं, तुझंच पाहिजे. मोबाइलबरोबर तुझा अंगठाही विकायचा का?" ते हसले, मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "पाचपर्यंत मी इथेच आहे."

मला रडूच आलं, रागाचं. पाच महिन्यांची मोजमापं पाण्यात! पण डोळे पुसून मी अंगठ्याकडे पाहिलं आणि अंगावर काटा आला. माझं कातडं, माझं रक्त इतके दिवस त्या सर्किटचा भाग होतं. एका इवल्याशा कपॅसिटरचं काम ते मुकाट्यानं करत होतं. माणसाचं शरीर सिग्नलला कळतं! आणि फोन तर कायम कुणाच्या तरी हातातच असतो. अप्पांची चिमूट डोळ्यांसमोर आली. त्यांना ते केव्हाच कळलं होतं.

जेवणाची सुट्टी गेली. मी आधी बोर्ड पितळी ठोकळ्यावर स्क्रूनं घट्ट बसवला. मग अंगठ्याएवढं काम करणारा कपॅसिटर शोधत बसले. पहिला जास्त झाला, दुसरा कमी. तिसरा सूक्ष्मदर्शकाखाली डाग देऊन जोडताना श्वाससुद्धा रोखून धरला होता.

साडेचारला सर आले. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिले. विहीर जागच्या जागी होती. सरांनी करंटचा आकडा वाचला, मान डोलावली आणि सही केली.

बाहेर येऊन मी अप्पांना फोन लावला. "झालं, अप्पा." पलीकडून आवाज तुटत तुटत येत होता.

"फोन कसा धरलाय तुम्ही?"

"नीट... मुठीत... तू रागावतेस म्हणून..."

"चिमटीत धरा, अप्पा. तुमचंच बरोबर होतं."

क्षणभर खरखर झाली, आणि मग ते इतकं स्वच्छ हसले, की जणू शेजारीच उभे होते.