दोन दारांचं घर आणि आमच्या विहीणबाई

हसण्याच्या गोष्टीकडं आमच्या विहीणबाईंइतक्या गंभीरपणानं बघणारी दुसरी बाई वसमत-नांदेड रस्त्यावर कुठं सापडली, तर मी तिची खणानारळानं ओटी भरायला तयार आहे. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. टीव्हीवर विनोदी मालिका लागली की सगळ्या जगाला हसू येतं, यांच्या कपाळाला आठ्या पडतात. दिवेलागण झाली, बशीतला चहा संपला, की त्या सोफ्याच्या बरोबर मधोमध मांडी घालून बसायच्या, रिमोट किल्ल्यांच्या जुडग्यासारखा कमरेला खोचायच्या, अन् पेपर तपासायला घेतलेल्या मास्तरासारखा चेहरा करायच्या. आम्ही बाकीची माणसं हसायला तोंड उघडणार, तेवढ्यात यांचा हात वर. “थांबा. आता दार वाजंल.” दार वाजायचं. “आता ह्यो पडद्यामागं जाईल.” तो जायचा. “आता त्याला शिंक येईल.” अन् त्या बिचाऱ्याला शिंकावंच लागायचं, जसं काही विहीणबाईंनी परवानगी दिली म्हणून. टीव्हीतले न दिसणारे लोक जिथं खो खो हसायचे, तिथं या नुसती मान हलवायच्या. “व्हय, बराबर बसवलं.” नाहीतर, “न्हाई जमलं. घाई केली.” आमचं हसायचं राहूनच जायचं.

असले भाग का हसवतात, याचं त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं, अन् जाहिराती लागल्या की ते मला ऐकावं लागायचं. गुडघे दुखतात म्हणून मी खुर्चीत बसलेली, उठून तरी कुठं जाणार? “घराला दोन दारं पायजेत, ईनबाई,” त्या सांगायच्या. आमच्याकडं विहिणी एकमेकींना ईनबाईच म्हणतात. “एका दाराचं घर असलं की रडायची मालिका व्हते. पळायला जागाच न्हाई, मग माणूस रडंल न्हाई तर काय करंल?” खोटं कसं बारकं पाहिजे, मोठं खोटं बोललं की पोलीस येतात, अन् पोलीस आले की गंमत गेली. खोटं बोलणारा मनानं चांगला पाहिजे, कुणाचं तरी भलं करायला निघालेला. लबाड सापडला तर आपल्याला बरं वाटतं, हसू येत नाही. पुरुषानं लुगडं नेसलं की त्या टीव्ही बंदच करायच्या. “ह्यायला काही सुचंना गेलं.” अन् सगळ्यात मोठी गोष्ट बोट वर करून सांगायच्या. “ज्याच्यापून लपवायचं ते माणूस मंधात बसलेलं पायजे. समद्यायला ठाऊक, त्या एकालाच न्हाई. ते मंधातून उठलं की खेळ बसला.”

हे शास्त्र टीव्हीपुरतं राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. आमच्या यांना साखरेचा आजार, अन् जिलबीचा नाद. कागदात बांधून आणायची अन् मागच्या दाराशी उभं राहून खायची, असं त्यांचं कितीतरी दिवस चाललेलं. विहीणबाईंना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण सांगतील तर शपथ! एक दिवस मात्र सोफ्यावरूनच म्हणाल्या, “ईनबाई, मागच्या दाराला मांजर आलं वाटतं.” मी काठी घेऊन गेले, तर हे. मिशीला पाक, अन् जिलबी बंडीच्या खिशात. मी बोलायला सुरुवात करणार, तोच सोफ्यावरून प्रश्न, “कुठं लपवली भाऊ?” “खिशात,” हे म्हणाले. “खिशात न्हाई लपवायची, पाक उतरतो. तोंडात ठिवायची अन् फोनवर हां, हां करायचं.” अन् उभ्या जन्मात माझा एक शब्द ज्यांनी मानला नाही, त्या माणसानं शहाण्या लेकरासारखी मान डोलवली.

त्या आमच्याकडं राहायला आल्या त्या हृदयाच्या दुखण्यामुळं. नांदेडला दवाखान्यात छातीतली नस मोकळी केली. आत नेताना सगळी माणसं देवाचं नाव घेतात, यांनी नर्सला विचारलं, “पेशंट बदलत न्हाई ना वं? परवाच्या भागात बदललं व्हतं.” डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. माझा मुलगा नोकरीला परगावी, सून म्हणाली आई इथंच राहील, अन् मीही म्हटलं, राहू द्या. त्यांना जवळचं असं एकच माणूस, हट्टा गावी राहणारा थोरला भाऊ. मालिका संपली की त्याचा फोन यायचाच. तोही तिकडं तीच मालिका बघायचा. तो पोट धरून हसलेला असायचा, अन् या त्याला तो का हसला ते समजावून सांगायच्या. “दादा, तू भोळा हायस. तुला केळाच्या सालीवर पडलेलं बी पुरतं.” यावर तो आणखी हसायचा. ते हसू फोनातून माझ्या पोळपाटापर्यंत ऐकू यायचं.

तो दादा एका सकाळी ओसरीवर बसल्या बसल्या गेला. फोन सुनेला आला. तिनं मला मोरीत नेऊन सांगितलं, नळ सोडून, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. मी म्हटलं, “सांगू दे ग. बहिणीला भावाचं तोंड बघू दे.” ती म्हणाली, “अन् ऐकून तिला काही झालं तर, आत्या?” “मग कव्हा सांगायचं?” मी म्हटलं. तिनं नळ आणखी मोठा सोडला. पोरीचे डोळे बघून मी तिच्या बाजूची झाले.

सून मातीला जाणार कशी? मैत्रिणीच्या भावाचं लग्न आहे असं सांगितलं. आता लग्न म्हटल्यावर आई लेकीला साधी जाऊ देते का? “ही काय साडी? जरीची नेस. गळ्यात घाल काहीतरी.” दारातला मोगरा तोडून विहीणबाईंनी स्वतःच्या हातानं गजरा केला अन् लेकीच्या अंबाड्यात माळला. पोरगी मामाच्या मातीला गजरा घालून निघाली. पुढच्या दारानं हसत गेली अन् मागच्या आळीत शेजारणीच्या घरी साडी बदलून, गजरा काढून, जीपमध्ये बसली. सांजच्याला परत तसंच उलटं. डोळे सुजलेले. “लग्नात लई धूर व्हता,” म्हणाली. “जेवणात काय व्हतं?” विहीणबाईंनी विचारलं. सून जागच्या जागी खांब झाली. मीच स्वयंपाकघरातून ओरडले, “बुंदी असंल, दुसरं काय असतंय!”

पुढं रोज काहीतरी निघायचंच. फोन का येत नाही? सून म्हणाली, मामाचा मोबाईल विहिरीत पडला. मग दुसऱ्याच्या मोबाईलवरून का करत नाही? त्याचा घसा बसलाय. विहीणबाईंनी तिच्याकडं बघितलं. “मोबाईल विहिरीत पडला अन् घसा बी बसला? एका भागात दोन कारणं न्हाई चालत, बाई.” बोलून त्या टीव्हीकडं वळल्या, अन् माझ्या हातातला तांब्या सुटता सुटता राहिला.

त्यात सुतक. आमच्या घरातल्या देवांची पूजा विहीणबाईंनी आल्या दिवसापासून ताब्यात घेतलेली. सुनेला वाटू लागलं, आई सुतकात असून देवाला हात लावते, तिला नकळत पाप लागेल. भटजींना गुपचूप विचारलं, तर ते म्हणाले, ज्याला कळलं त्याला सुतक, कळलंच नाही तर कसलं आलंय. पण पोरीच्या जिवाला पटेना. माणसाशी खोटं बोलायला ती तयार, देवाशी बोलायला तयार नाही. एका सकाळी मी उठून बघते, तर देवघर रिकामं! सगळे देव तिनं फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कोठीत घातलेले. “देव उजळायला दिलेत,” तिनं आईला सांगितलं. “पितळंचे देव? चिंच न्हाई का घरात?” विहीणबाई म्हणाल्या. मी दोघींच्या मधून काही न ऐकल्यासारखी गेले. खरं सांगते, दमले होते मी. टीव्हीतली ती माणसं एवढ्या दारांतून आत-बाहेर पळतात, ती तरुण असतात, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. माझ्या गुडघ्यांना दोन दारं फार होती. अन् दहावा जवळ येत चालला. तोंड तर बघायला मिळालं नाहीच, आता दहाव्यालाही बहीण नसली, तर उद्या ती आम्हाला काय म्हणेल, या विचारानं मी येता-जाता दिवस मोजत होते.

अशात विहीणबाईंची माहेरची चुलत वहिनी दारात उभी राहिली. ती मातीला पोचली नव्हती, तिला बिचारीला काय ठाऊक? तोंडाला पदर लावूनच आलेली, अन् सोफ्यावर नणंद दिसल्याबरोबर तिनं हंबरडा फोडला. मी कणकेच्या हातानं धावले. तोंडाला येईल ते बोलले, “म्हैस गेली ना वं तुमची! ऐकलं बाई आमी!” अन् तिला चिमटा काढला. वहिनी माझ्याकडं बघतच राहिली, पण अर्धा हंबरडा बाहेर पडलेला, तो परत कसा घेणार? ती विहीणबाईंच्या पायाशी बसून रडायला लागली. विहीणबाई तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. “दुधाची व्हती का?” वहिनी हुंदक्यात म्हणाली, “व्हय.” “गाभण व्हती?” वहिनीनं कपाळ फरशीला टेकलं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबून आत पळाले, तर दारामागं सून तशीच, तोंडावर हात, खांदे हलत होते. हसून राहिली का रडून राहिली, ते मला कळलं नाही, अन् माझं मलाही कळलं नाही. मागच्या दारानं वहिनीला वाटेला लावलं तेव्हा ती हात जोडून म्हणाली, “परवा दहावा हाय. सांगा वं तिला. असं नका करू.”

त्याच संध्याकाळी मालिकेत कुणीतरी बाजेखाली लपलेलं होतं. दार वाजलं, तरी विहीणबाईंचा हात वर झाला नाही. त्यांनी कमरेचा रिमोट काढला अन् टीव्ही बंद केला.

“ईनबाई,” त्या म्हणाल्या, “बाजंखालून निघा आता. लई दमलात.”

“मी कुठं...”

“लपलेल्या माणसाचीच तकलीफ जास्ती असते. मंधात बसलेल्याला काय, बसल्या जागी चहा मिळतो.” मग अगदी हळू, “दादा कव्हा गेला?”

सून स्वयंपाकघराच्या दारात आली, हातात उलथनं. “आई...”

“तू थांब तिथंच. तुझ्या तोंडून ऐकलं तर मला तुलाच धरून बसावं लागंल. ईनबाई सांगतील.”

मी सांगितलं, आज आठवा दिवस, परवा दहावा. ओसरीवर बसल्या बसल्या गेले, कुणाला हाक मारायला सुद्धा त्रास दिला नाही. त्या ऐकत होत्या, बंद टीव्हीकडं बघत. रिमोट सोफ्यावर ठेवून म्हणाल्या, “तोंड तर न्हाई दिसलं दादाचं.”

“तुमाला कसं कळलं?” मी विचारलं.

“वहिनीकडं म्हैस कुठली? ती बाई दूध पाकिटाचं घेते. अन् बाळकृष्ण मला कव्हाच सापडला ज्वारीत. परत झाकून ठिवला. काढ ग त्याला आता, किडे लागतील.”

“मग ज्वारीत देव सापडले तव्हाच काहून न्हाई विचारलं?”

“तव्हा मला वाटलं, माझ्याच रिपोर्टात काहीतरी हाय. तुमी कुजबुजून राहिले, पोरगी रडून राहिली, देव लपवून ठिवलेत. म्हनलं, डाक्टरनं दिवस सांगितले असतील आपले. चालू द्या म्हनलं. इतकी मेहनत करून राहिले समदे.” त्यांनी माझा हात धरला. “अन् आज म्हशीचं ऐकून उमगलं, तव्हा आधी काय झालं सांगू? हायसं वाटलं. मी न्हाई, म्हनून. माझा दादा गेला, ईनबाई, अन् आधी मला हायसं वाटलं.”

धक्का बसू नये म्हणून आम्ही एवढी दारं सांभाळली, अन् ती बाई तेवढे दिवस स्वतःचं मरण मांडीवर घेऊन, आम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसली होती. आमचा खेळ बसू नये म्हणून.

“परवा हट्ट्याला जाऊ,” त्या उठत म्हणाल्या. “जीप सांगून ठिवा. अन् आता पाणी ठिवा माझ्यापुरतं. कळलं ना मला.”

आमच्याकडं रीत अशी, की बातमी कळली की नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं. मागच्या अंगणात त्या दगडावर बसल्या, अन् मी तांब्या तांब्यानं ओतायला लागले. पहिल्या तांब्याला म्हणाल्या, “जरा कढत हाय.” पाणी केसांतून, चेहऱ्यावरून, ओल्या पदरावरून वाहत होतं, अन् त्याच्याखाली त्यांचे खांदे हलत होते. सून दारात उभी होती, तिला मी खुणेनंच आत पाठवलं. रीतीला एक बादली पुरते. ती संपली, तरी विहीणबाई उठल्या नाहीत. मी गुडघ्यावर हात ठेवून उठले, दुसरी बादली भरून आणली, अन् लवकर संपू नये म्हणून तांब्या अर्धाअर्धाच भरून ओतत राहिले.